चराऊ गाई-म्हशींसाठी खनिज मिश्रण : नवीन पशुपालकांसाठी मार्गदर्शन (कोल्हापूर जिल्हा)

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड आणि पन्हाळ्याच्या डोंगरपट्ट्यात, आजही बरीच जनावरे दिवसभर चरायला सोडली जातात. सडा, गायरान, डोंगरउतार आणि भातकापणीनंतरची मोकळी खाचरे ही त्यांची चराई. संध्याकाळी जनावर पोट भरून गोठ्यात येते. नव्याने गाय किंवा म्हैस घेतलेल्या शेतकऱ्याला वाटते, की पोट भरले म्हणजे सगळे मिळाले.

प्रत्यक्षात पोट भरते, पण खनिजे कमी पडतात. ही कमतरता एका दिवसात दिसत नाही. सहा-आठ महिन्यांनी गाय माजावर येत नाही, भरवली तरी उलटते, वासरू खुरटते, दूध लवकर आटते. मग दुकानातून कॅल्शियमचा कॅन आणला जातो. पैसे जातात आणि प्रश्न तसाच राहतो, कारण या भागातील चराऊ जनावरांत बहुतेक वेळा कमी पडतो तो फॉस्फरस. त्याबरोबर मीठ, झिंक आणि कॉपरही कमी पडतात. म्हणून या लेखाचे सांगणे थोडक्यात असे : फक्त कॅल्शियम देऊ नका. पूर्ण खनिज मिश्रण, मोजून, रोज, संध्याकाळच्या आंबोणात द्या.

पश्चिम पट्ट्यातच ही अडचण जास्त का?

याचे मूळ जमिनीत आहे. या भागातील बरीचशी जमीन जांभ्या दगडापासून तयार झालेली, तांबडी आणि आम्लधर्मी आहे. पावसाळ्यात येथे प्रचंड पाऊस पडतो. पाण्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, आयोडीन यांसारखी खनिजे धुऊन जातात. मागे राहते ते लोह आणि अॅल्युमिनियम. ही दोन्ही मूलद्रव्ये जमिनीतील फॉस्फरस, म्हणजे शेतीच्या भाषेतील स्फुरद, घट्ट धरून ठेवतात. गवताच्या मुळांना तो मिळत नाही, गवतात उतरत नाही आणि गाईच्या पोटातही जात नाही.

दुसरे कारण हंगामाचे. पावसाळ्यातील कोवळ्या गवतात फॉस्फरस त्यातल्या त्यात बरा असतो. ऑक्टोबरनंतर गवत फुलोऱ्यावर येते, बी धरते आणि वाळते. वाळलेल्या गवतात फॉस्फरस ०.१ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. डिसेंबर ते मे हे सहा महिने जनावर याच गवतावर आणि भाताच्या पिंजरावर काढते. पिंजरात फॉस्फरस कमी असतोच, शिवाय त्यातील ऑक्झॅलेटमुळे असलेले कॅल्शियमही नीट शोषले जात नाही.

लोहाची मात्र या भागातील मोठ्या जनावरांत सहसा कमतरता नसते. उलट तांबड्या मातीसकट गवत खाल्ल्याने लोह जास्त जाते आणि त्यामुळे कॉपरचे शोषण कमी होते. म्हणून रक्त वाढावे यासाठी आपल्या मनाने लोहाचे टॉनिक देऊ नये.

शिरोळ, हातकणंगले, कागल या ऊस पट्ट्यातील चित्र वेगळे आहे. तेथे जनावर दावणीला असते आणि हंगामात उसाच्या वाड्यावर असते. वाड्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे तेथे कॅल्शियमचा प्रश्न मोठा होतो. वाड्यात फॉस्फरसही कमीच असतो. म्हणून शिरोळच्या पाहुण्याने सांगितलेला उपाय राधानगरीच्या चराऊ गाईला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही.

हाडे चघळणारी गाय

चरायला गेलेली गाय वाळके हाड, चप्पल, कापड, दोरी किंवा दगड चघळताना दिसली, भिंत किंवा माती चाटताना दिसली, तर ती खोड समजू नये. फॉस्फरस किंवा मीठ कमी पडल्याची ही जुनी आणि ओळखीची खूण आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९२० च्या सुमारास सर अर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकाने हाच प्रश्न अभ्यासला. तेथील माळरानावरील गाई मेलेल्या जनावरांची हाडे चघळत, नंतर लुळ्या पडून मरत. मृत्यूचे कारण हाडांवरील सडलेल्या मांसात तयार होणारे विष होते. पण गाई हाडाकडे वळत होत्या, त्याचे कारण गवतातील फॉस्फरसची कमतरता होती. फॉस्फरसचा पुरवठा केल्यावर हाडे चघळणे थांबले आणि मरतूकही थांबली.

आपल्याकडेही चराईच्या जागेत मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. हाडांची भुकटी मात्र आता गाई-म्हशींना देऊ नये, तिच्यातून रोग पसरण्याचा धोका असतो.

कोणते खनिज काय करते आणि कमी पडल्यास काय दिसते?

• कॅल्शियम : हाडे, दूध आणि स्नायूंचे काम. कमतरतेत वासरांत मुडदूस, व्याल्यानंतर दुग्धज्वर, जनावर मान पोटाकडे वळवून बसते.

• फॉस्फरस : हाडे, भूक, ऊर्जा आणि प्रजनन. कमतरतेत अखाद्य वस्तू खाणे, भूक मंदावणे, सांधे आखडणे, माज न येणे, वारंवार उलटणे. नुकत्याच व्यालेल्या म्हशीत कॉफीसारखी लाल-काळी लघवी होऊ शकते.

• मीठ (सोडियम आणि क्लोरीन) : भूक, पचन, शरीरातील पाण्याचे संतुलन. कमतरतेत जनावर एकमेकांचे अंग, भिंत, गव्हाण, मूत्र पडलेली जागा चाटते.

• मॅग्नेशियम : मज्जातंतूंचे काम. पावसाळ्यातील पाणीदार कोवळ्या गवतात हे कमी मिळते. तीव्र कमतरतेत अंग थरथरते, झटके येतात.

• झिंक (जस्त) : कातडी, खूर, प्रजनन. कमतरतेत कातडी जाड व खरखरीत होते, खूर मऊ पडतात, जखमा लवकर भरत नाहीत.

• कॉपर (तांबे) : रक्त, केसांचा रंग, माज. काळ्या जनावराचे केस तांबूस व राठ दिसतात, डोळ्याभोवती रंग उडतो.

• आयोडीन : गळ्यातील ग्रंथीचे काम. कमतरतेत वासरू अशक्त, केस विरळ असलेले किंवा गळ्याला गाठ घेऊन जन्मते.

• कोबाल्ट : पोटातील जिवाणू यापासून ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात. कमतरतेत चारा असूनही जनावर खंगत जाते.

आधी दुसरी कारणे तपासा

वरील लक्षणे फक्त खनिजांच्या कमतरतेचीच असतात असे नाही. नवीन पशुपालक येथेच चुकतो. खनिज मिश्रण सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. जंत आणि पर्णकृमी : भातखाचरे, ओढे, दलदल या ठिकाणी गोगलगायी असतात आणि त्यांच्यामुळे पर्णकृमीचा, म्हणजे लिव्हर फ्लूकचा प्रसार होतो. जनावर खंगणे, जबड्याखाली पाणी साचणे, पातळ शेण ही त्याची लक्षणे. पोटात कृमी असताना महागडे मिश्रण देऊन उपयोग होत नाही. शेणाचा नमुना तपासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध द्यावे.

२. गोचीड आणि गोचीडताप : लाल लघवी गोचीडतापातही होते. त्यात सहसा ताप असतो. फॉस्फरस कमी पडून होणाऱ्या लाल लघवीत बहुधा ताप नसतो आणि म्हैस नुकतीच व्यालेली असते. दोन्ही प्रकार जिवावरचे आहेत आणि उपचार वेगळे आहेत. घरी ठरवत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.

३. उपाशीपणा : उन्हाळ्यात सड्यावर गवतच नसेल, बरगड्या दिसत असतील, तर माज न येण्याचे पहिले कारण उपासमार हेच असते. खनिज मिश्रण हे वैरणीला पर्याय नाही.

४. गर्भाशयाचे आजार : गढूळ किंवा पूसारखा स्राव असेल तर आधी तपासणी व उपचार करावेत.

एका गाईचा ढोबळ हिशोब

सुमारे ३५० किलो वजनाची, दिवसाला ५ लिटर दूध देणारी चराऊ गाय घेऊ. फेब्रुवारी महिना आहे आणि ती वाळलेल्या गवतावर आहे.

• शरीर चालवण्यासाठी तिला रोज सुमारे १० ग्रॅम आणि ५ लिटर दुधासाठी सुमारे १० ग्रॅम, असा एकूण २० ग्रॅम फॉस्फरस लागतो.

• ८ किलो वाळलेल्या गवतातून (०.१ टक्का धरून) मिळतो ८ ग्रॅम.

• तूट १२ ग्रॅमची. म्हणजे गरजेच्या निम्म्याहून अधिक फॉस्फरस रोज कमी पडतो. काही दिवस ही तूट गाय स्वतःच्या हाडांतून भरून काढते. नंतर दूध घटते आणि माज बंद होतो.

• १ किलो गहू भुशातून सुमारे १० ग्रॅम आणि ५० ग्रॅम चांगल्या खनिज मिश्रणातून सुमारे ६ ग्रॅम फॉस्फरस मिळतो. दोन्ही मिळून तूट भरून निघते.

आता कॅल्शियम पाहू. या गाईला रोज सुमारे ३० ग्रॅम लागते. गवतातून साधारण २४ ग्रॅम मिळते आणि ५० ग्रॅम मिश्रणातून १० ग्रॅम. म्हणजे कॅल्शियमची तूट लहान आहे आणि ती मिश्रणातूनच भागते. अशा गाईला नुसते कॅल्शियमचे द्रव पाजले तर लहान तूट भरते आणि मोठी तशीच राहते.

हे आकडे ढोबळ आहेत. गवताची जात, जनावराचे वजन आणि दूध यांप्रमाणे ते बदलतात. पण आपल्या गोठ्यात कशाची ओढ आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

खनिज मिश्रण कसे निवडावे?

पिशवीवरील मजकूर वाचल्याशिवाय खरेदी करू नये. पुढील गोष्टी पाहाव्यात.

• मानक : गुरांच्या खनिज मिश्रणासाठी आयएस १६६४ हे भारतीय मानक आहे. पिशवीवर आयएसआय चिन्ह आणि हा क्रमांक असल्यास प्राधान्य द्यावे.

• फॉस्फरसचे प्रमाण : मीठ नसलेल्या चांगल्या मिश्रणात कॅल्शियम सुमारे २० टक्के आणि फॉस्फरस सुमारे १२ टक्के असते. कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस ३-४ टक्के, असे मिश्रण स्वस्त असले तरी आपल्या कामाचे नाही.

• सूक्ष्म खनिजे : झिंक, कॉपर, मँगनीज, आयोडीन आणि कोबाल्ट यांचे प्रमाण आकड्यात दिलेले असावे. "सर्व खनिजांनी युक्त" एवढेच लिहिलेले पुरेसे नाही.

• फ्लोरीन : हे जास्त असल्यास दात आणि हाडे खराब होतात. त्याची कमाल मर्यादा पिशवीवर असावी.

• मीठ आहे की नाही : मीठ मिसळलेले मिश्रण असेल तर वेगळे मीठ कमी करावे लागते.

• उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक : जुने, ओल लागून गठ्ठे झालेले मिश्रण घेऊ नये.

मिश्रण पाण्यात ढवळले आणि तळाशी गाळ बसला, म्हणजे ते बनावट असे नाही. फॉस्फरस देणारा डायकॅल्शियम फॉस्फेट पाण्यात फारसा विरघळतच नाही. त्यामुळे अशा घरगुती परीक्षेवर जाऊ नये.

"चिलेटेड" मिश्रणातील सूक्ष्म खनिजे जास्त चांगली शोषली जातात, पण ते महाग असते. जास्त दुधाच्या संकरित गाईंसाठी किंवा वारंवार उलटणाऱ्या जनावरांसाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ते वापरावे. सुरुवातीला मानक दर्जाचे साधे मिश्रण पुरे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने (एनडीडीबी) अनेक राज्यांत चारा आणि जनावरांचे नमुने तपासून क्षेत्रनिहाय खनिज मिश्रणाची पद्धत पुढे आणली. ज्या भागात जे कमी, ते त्या मिश्रणात जास्त असते. आपल्या दूध संस्थेत किंवा दूध संघाच्या पशुवैद्यकीय सेवेत अशा मिश्रणाची चौकशी करावी. गोकुळ आणि वारणा या दोन्ही संघांचे जाळे जिल्ह्यातील गावागावांत आहे.

रोजची मात्रा

मीठविरहित खनिज मिश्रणाची सर्वसाधारण मात्रा अशी :

• वाढती वासरे, रेडके : २० ते २५ ग्रॅम

• कालवडी, रेड्या, भाकड गाई-म्हशी : ५० ग्रॅम

• दुभत्या गाई-म्हशी : १०० ते २०० ग्रॅम, दुधाप्रमाणे. ५-६ लिटरपर्यंतच्या आणि रोज भुसा-पेंड मिळणाऱ्या चराऊ गाईला ५० ते १०० ग्रॅम पुरते.

• कामाचे बैल, वळू : ५० ग्रॅम

• मीठ : मोठ्या जनावरास रोज ३० ते ५० ग्रॅम, वासरास ५ ते १० ग्रॅम. मिश्रणात मीठ असेल तर त्या प्रमाणात कमी करावे.

तयार पशुखाद्यात खनिज मिश्रण आधीच घातलेले असते. गाईला रोज ४-५ किलो पशुखाद्य मिळत असेल तर मिश्रणाची मात्रा कमी करता येते. अर्धा-एक किलो पशुखाद्य देऊन "त्यात असतेच की" म्हणून मिश्रण बंद करू नये.

मोजण्याची सोपी युक्ती : किराणा दुकानातील वजनकाट्यावर एकदा ५० ग्रॅम मिश्रण मोजून घ्यावे. ते एखाद्या लहान वाटीत किंवा बाटलीच्या झाकणात ओतून जेथपर्यंत येते तेथे खूण करावी. रोज तेच माप वापरावे. मुठीने घातलेले मिश्रण कधी २० ग्रॅम होते, कधी ८०.

खर्चाचा अंदाज : रोज ५० ग्रॅम म्हणजे महिन्याला दीड किलो, वर्षाला सुमारे सव्वाअठरा किलो. रोज १०० ग्रॅम आणि ३०० दिवसांचे वेत धरले तर ३० किलो. हा आकडा आपल्या गावातील दराने गुणून पाहावा. दुसऱ्या बाजूला एक माज हुकला की २१ दिवस गेले. तेवढे दिवस गाईला फुकट पोसावे लागते आणि पुढचे वेत तेवढेच लांबते.

देण्याची पद्धत

*गोठ्यावर परत येणाऱ्या जनावरांसाठी*

१. चराईहून आल्यावर प्रथम पाणी पाजावे.

२. गहू भुसा, भाताचा कोंडा, पेंड किंवा पशुखाद्य थोडे भिजवून आंबोण तयार करावे.

३. आंबोण थंड असताना त्यात मिश्रण आणि मीठ घालून नीट कालवावे. उकळत्या आंबोणात मिश्रण घालू नये.

४. प्रत्येक जनावराला वेगळे द्यावे. एकाच घमेल्यात सगळ्यांना दिले तर तगडे जनावर खाते आणि कालवड उपाशी राहते.

५. सुरुवातीला काही जनावरांना वास आवडत नाही. पहिले चार दिवस पाव मात्रा, पुढचे चार दिवस अर्धी मात्रा आणि मग पूर्ण मात्रा द्यावी. चिमूटभर गूळ घातला तरी चालतो.

*कळपाने चरणाऱ्या जनावरांसाठी*

धनगरवाड्यावर किंवा मोठ्या कळपात प्रत्येकाला वेगळे आंबोण देणे शक्य नसते. तेथे छप्पर असलेली लाकडी पेटी पाणवठ्याच्या वाटेवर ठेवावी. पेटीत खनिज मिश्रण आणि मीठ समप्रमाणात मिसळून ठेवावे. मिठाच्या ओढीने जनावरे येतात आणि मिश्रणही पोटात जाते.

किती खाल्ले जाते ते आठवड्याने तपासावे. १० जनावरांनी ७ दिवसांत ७ किलो संपवले, तर प्रत्येकाला रोज १०० ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम खनिज आणि ५० ग्रॅम मीठ मिळाले. फार जास्त खात असतील तर मीठ वाढवावे, त्याने खाणे आपोआप आटोक्यात येते. अजिबात खात नसतील तर पेटीची जागा बदलावी किंवा थोडा भुसा मिसळावा.

बऱ्याच दिवसांपासून मीठ न मिळालेली जनावरे पहिल्या दिवशी अधाशासारखी चाटतात. म्हणून पहिला आठवडा थोडे थोडेच ठेवावे आणि जवळ भरपूर पाणी असावे. पाण्याशिवाय जास्त मीठ पोटात गेले तर विषबाधा होते.

*चाटण वीट*

खनिज चाटण वीट सोयीची असते, पण तिच्यातून किती मिळाले हे कळत नाही. आंबोणातील मात्रेला ती जोड आहे, पर्याय नाही. वीट छपराखाली टांगावी, नाहीतर पावसात विरघळते. युरिया असलेली चाटण वीट सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये, ती फोडून किंवा पाण्यात कालवून कोणत्याही जनावराला देऊ नये.

हंगामानुसार नियोजन

जून ते सप्टेंबर : गवत भरपूर, पण पाणीदार. मीठ न चुकता द्यावे. सकाळी सोडण्यापूर्वी थोडे पिंजर किंवा वाळके गवत द्यावे, म्हणजे कोवळ्या गवताने हगवण आणि पोटफुगी होत नाही. मिश्रणाची पिशवी ओल लागून खराब होते. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावी. एका वेळी महिन्याभराचेच आणावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : गवत कापून ठेवायचे असेल तर फुलोऱ्यावर असतानाच कापावे. बी गळून पिवळे पडलेल्या गवतात प्रथिने आणि खनिजे दोन्ही कमी राहतात. पर्णकृमीसाठी शेणतपासणी याच काळात करून घ्यावी. मिश्रणाची पूर्ण मात्रा सुरू करावी.

डिसेंबर ते मे : फॉस्फरसची सर्वात मोठी टंचाई याच काळात असते. पूर्ण मात्रा, रोज अर्धा ते एक किलो भुसा किंवा कोंडा आणि दिवसातून किमान दोनदा पाणी. याच काळात मिश्रण बंद केले जाते, कारण दूध कमी असते. पुढच्या वेताची तयारी मात्र याच महिन्यांत होते.

गाभण आणि व्यालेल्या जनावरांची काळजी

गाभण काळात आणि भाकड काळात ५० ग्रॅम मिश्रण चालू ठेवावे. मात्र विण्याच्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमचे द्रव टॉनिक पाजू नये. या काळात कॅल्शियम जास्त गेले तर हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मंदावते आणि व्याल्यावर दूध उतरताच दुग्धज्वर होतो. जास्त दुधाच्या किंवा आधी दुग्धज्वर झालेल्या गाईबाबत या तीन आठवड्यांत काय द्यावे, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे.

व्याल्यानंतर मात्र लगेच पूर्ण मात्रा सुरू करावी. गाय व्याल्यावर थरथरली, कान थंड पडले, उठेना, तर तोंडाने काही पाजू नये. औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे. शिरेतून कॅल्शियम देणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे.

या चुका टाळा

• गाई-म्हशींचे मिश्रण मेंढ्यांना देऊ नये. त्यातील कॉपर मेंढीला विषारी ठरते. एकाच वाड्यात गुरे आणि मेंढ्या असतील तर खनिजाची पेटी मेंढ्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

• दोन कंपन्यांची मिश्रणे, टॉनिक आणि वीट एकाच वेळी पूर्ण मात्रेत देऊ नयेत. जास्त दिले म्हणजे जास्त फायदा असे होत नाही.

• आठवड्याची मात्रा एकाच दिवशी देऊ नये.

• दुधावर असताना सुरू आणि आटल्यावर बंद, असे करू नये.

• शेतात टाकायचे सुपर फॉस्फेट किंवा झिंक सल्फेट जनावरांना देऊ नये. खताचा दर्जा खाद्यासाठी नसतो.

घरच्या घरी काय करता येईल?

बांधावर शेवरी, हादगा, गिरिपुष्प, सुबाभूळ लावावे. त्यांच्या पाल्यात कॅल्शियम आणि प्रथिने चांगली असतात. सुबाभूळ एकूण हिरव्या वैरणीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये. पाण्याची सोय असेल तर एक-दोन गुंठे लसूणघास करावा. फॉस्फरससाठी गहू भुसा आणि भाताचा कोंडा हे घरचे स्रोत आहेत. पाला कॅल्शियम देतो, भुसा फॉस्फरस देतो, म्हणून दोन्ही हवेत.

चाऱ्याच्या तुकड्यातील मातीची तपासणी करून शेणखत, शिफारशीप्रमाणे चुना आणि स्फुरदयुक्त खत दिल्यास चाऱ्यातील खनिजेही सुधारतात. हा सावकाश, पण टिकाऊ उपाय आहे.

परिणाम कधी दिसतो?

माती चाटणे, चपला चघळणे साधारण दोन ते चार आठवड्यांत कमी होते. केसांवर चकाकी येण्यास दीड-दोन महिने लागतात. माज सुरळीत होण्यास दोन ते तीन महिने लागू शकतात. तीन महिने रोज, मोजून दिल्यावरही फरक नसेल तर मिश्रण बदलत बसू नये. रक्त आणि शेणाची तपासणी करून गर्भाशयही तपासून घ्यावे.

यासाठी एक साधी वही ठेवावी. त्यात मिश्रण सुरू केल्याची तारीख, माजाची तारीख, भरवल्याची तारीख, जंतनाशक दिल्याची तारीख आणि दर आठवड्याचे दूध लिहावे. पशुवैद्यक आला की वही त्याच्यासमोर ठेवावी. अर्धे निदान तेथेच होते.

मदत कोठे मिळेल?

• गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा तालुक्याचे लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय : तपासणी आणि शेण-रक्त नमुन्यांसाठी.

• १९६२ हा टोल-फ्री क्रमांक : फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी.

• कृषी विज्ञान केंद्र, तळसंदे आणि कृषी विज्ञान केंद्र, कणेरी : चारा नियोजन आणि प्रशिक्षणासाठी.

• क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळ (जि. सातारा) : गुंतागुंतीच्या आजारांत तज्ज्ञ सल्ल्यासाठी.

थोडक्यात

• चराऊ जनावराचे पोट गवताने भरते, पण पश्चिम पट्ट्यातील जांभ्या जमिनीच्या गवतात फॉस्फरस कमी असतो. नुसत्या कॅल्शियमने तो भरून निघत नाही.

• आधी जंत, पर्णकृमी, गोचीड आणि उपासमार यांचा बंदोबस्त, मग खनिज मिश्रण.

• आयएस १६६४ मानकाचे, १२ टक्क्यांच्या आसपास फॉस्फरस असलेले मिश्रण घ्यावे.

• भाकड जनावरास ५० ग्रॅम, दुभत्यास दुधाप्रमाणे जास्त, शिवाय मीठ. रोज, मोजून, संध्याकाळच्या आंबोणात.

• डिसेंबर ते मे या काळात खंड पडू देऊ नये.